११० लिटर पाण्यावर कच्छ

गाडीतल्या ओट्यावर, शेगडीच्या उजव्या हाताला, चार बारीक दिव्यांची एक पट्टी होती. चारही दिवे हिरवे असले की पाण्याची टाकी भरलेली. एकच उरला आणि तो लाल झाला की गाव गाठायचे. जानेवारीतले अकरा दिवस आम्ही चौघे त्या पट्टीवर नजर ठेवून राहिलो. पुण्याहून निघालो, सुरजबारीच्या पुलावरून कच्छमध्ये शिरलो, रणाच्या कडेने धोळावीरेपर्यंत गेलो आणि मग पश्चिमेला वळून लखपत, कोटेश्वर करीत समुद्राच्या बाजूने मांडवीला उतरलो. जाऊन-येऊन सुमारे २,८०० किलोमीटर झाले. त्यातले बरेचसे रस्ते आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, परंतु पाणी कुठे भरले, कुणी दिले आणि ते चवीला कसे होते, हे मात्र मला दिवसागणिक आठवते.

आम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र आहोत. एकाचे भोसरीला वर्कशॉप आहे, एक शाळेत भूगोल शिकवतो आणि आम्ही त्याला सर म्हणतो, एक मैत्रीण पाणीपुरवठा विभागात अभियंता म्हणून नुकतीच निवृत्त झाली, आणि चौथी मी. कॅम्परव्हॅन आम्ही पुण्यातूनच भाड्याने घेतली होती. चार माणसांची झोपण्याची सोय, दोन चुलींची गॅसची शेगडी, बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज, छपरावर सौर पॅनेल, मागे एवढेसे न्हाणीघर, आणि ११० लिटरची पाण्याची टाकी. पिण्यासाठी २० लिटरचे दोन जार आम्ही वेगळे घेतले होते. गाडी ताब्यात घेताना मालकाने बिछाने कसे उघडायचे ते हौसेने दाखवले, पण अभियंता मैत्रिणीने पहिला प्रश्न टाकीचा विचारला आणि तिथल्या तिथे हिशेब मांडला. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाण्याचे प्रमाण धरतात, जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी ५५ लिटर धरले आहे, आणि आपल्याला टाकी अडीच दिवस पुरवायची असेल तर माणशी ११ लिटर मिळतील. "अकरा लिटर म्हणजे अर्धी बादली," ती म्हणाली. "त्यात आंघोळ धरू नका."

तिचे म्हणणे पहिल्या दोन दिवसांतच पटले. घरी नळ सोडून भांडी घासणारे हात गाडीत आपोआप शिकले. ताटे आधी वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसायची, मग ओल्या फडक्याने, आणि शेवटी वाटीभर पाण्याने विसळायची. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यात धरून ठेवायचे आणि त्यात पातेले घासायचे. पोळ्या लाटण्याचा बेत आम्ही सोडूनच दिला, कारण परात, पोळपाट आणि पीठ लागलेले हात धुण्यात दोन लिटर पाणी जाते, हे मोजल्यावर लक्षात आले. संध्याकाळी मुगाची खिचडी आणि कच्चा कांदा, नाहीतर वाटेतल्या गावातून घेतलेला बाजरीचा रोटला आणि लसूण चटणी, एवढ्यावर आम्ही तृप्त होतो. आंघोळ धर्मशाळेत किंवा पेट्रोल पंपावर मिळेल तिथे उरकायची. गाडीतले शौचालय फक्त रात्रीपुरते वापरायचे आणि त्याची टाकी रिकामी करताना जागेची परवानगी आणि पाण्याची बादली दोन्ही आधी मागून घ्यायच्या, हा नियम पाळला. कॅम्परव्हॅनने जाणाऱ्यांनी हा भाग लाजून टाळू नये. कोरड्या मुलखात आपण घाण कुठे टाकतो याला फार महत्त्व आहे.

सुरजबारीला खाडी ओलांडली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. दोन्ही बाजूंना मिठागरे होती आणि एका आगरात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग माना खाली घालून उभी होती. कच्छ हा क्षेत्रफळाने देशातला सर्वांत मोठा जिल्हा. ४५,००० चौरस किलोमीटरांहून अधिक. परंतु त्यातला फार मोठा भाग रणाचा, म्हणजे धड जमीनही नाही आणि धड समुद्रही नाही असा. सरांनी गाडी थांबवायला लावून आम्हाला ते समजावले. एके काळी येथे समुद्राचा उथळ फाटा होता. जमीन हळूहळू उचलली गेली, नद्यांनी गाळ आणून टाकला आणि फाटा भरत गेला. आजही पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा खाडीचे पाणी आत ढकलतो, लुणीसारख्या नद्यांचे पाणी वरून येते, आणि महिनोन्‌महिने तेथे पाऊल-दोन पाऊल खोल पाणी साचून राहते. दिवाळीनंतर ते आटत जाते आणि मागे मीठ उरते. पांढरे रण म्हणून आपण जे पाहायला जातो ते दरवर्षी आटणाऱ्या समुद्राचे अंग आहे.

भुजहून उत्तरेला निघाले की थोड्याच अंतरावर कर्कवृत्ताची पाटी लागते आणि पुढे बन्नीचा गवताळ प्रदेश सुरू होतो. भिरंडियाऱ्याला रणात जाण्याचा परवाना घ्यावा लागतो. त्या गावचा मावा प्रसिद्ध आहे, आणि बन्नी म्हशीचे दूध चाखल्यावर त्याचे कारणही कळते. आमची पहिली टाकी येथे संपत आली होती. ज्या भुंग्यांच्या अंगणात आम्ही गाडी लावली, तेथील मालधारी, म्हणजे गुरे पाळणाऱ्या समाजातल्या, यजमानांनी नळी जोडून दिली. भुंगा म्हणजे मातीचे गोल घर. २००१ च्या २६ जानेवारीच्या भूकंपात चौकोनी घरे कोसळली तेथे ही गोल घरे पुष्कळ ठिकाणी उभी राहिली. नळी चालू असताना मैत्रिणीने यजमानांना विचारले की पाइपलाइन येण्याआधी तुम्ही पाणी कुठून आणत होता. त्यांनी हातातले काम ठेवले आणि आम्हाला घराच्या मागे अर्धा कोस चालवत नेले.

तेथे जमिनीत एक विस्तीर्ण, सहज डोळ्यांत न भरणारा खोलगट भाग होता. पावसाचे पाणी त्यात येऊन साचते आणि जमिनीत मुरते. खालचे भूजल खारट, म्हणून जड. मुरलेले पावसाचे पाणी गोडे, म्हणून हलके. ते खाऱ्या पाण्यावर साय धरावी तसे तरंगत राहते. मालधारी त्या खोलगटात पुरुषभर खड्डा खणतात, त्याच्या कडा लाकडे आणि गवत रचून सावरतात, आणि झिरपून आलेले पाणी हळूहळू उपसतात. याला विरडा म्हणतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा उकरतात, त्याचाच हा भाऊ. फरक एवढा की येथे घाई केली आणि जास्त उपसले तर खालचे खारे पाणी वर येते आणि विरडा बिघडतो. यजमान म्हणाले की त्यांच्या लहानपणी एका विरड्याचे पाणी खारट लागू लागले की तो सोडून शेजारी दुसरा खणत. मैत्रीण खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. तीस वर्षे तिने पाणीपुरवठ्याच्या योजनांचे आराखडे केले होते. तिने मातीचा हात झटकला आणि एवढेच म्हणाली, "उपसा किती करायचा हे यांना पाण्याची चव सांगत होती."

पांढऱ्या रणात आम्ही संध्याकाळी गेलो. धोरडोजवळ वर्दळ बरीच असते, त्यामुळे डांबरी रस्ता संपतो तेथून आम्ही पायीच लांबवर गेलो. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. मी त्या दृश्याचे वर्णन करत बसत नाही, छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली आहेत. माझ्या लक्षात राहिला तो पायांखालचा आवाज. कोरड्या थरावर करकर आणि मधूनच जेथे खाली चिखल ओला असेल तेथे काहीच नाही. गाडी घेऊन येणाऱ्यांना कळकळीने सांगते, मिठावर चाक उतरवू नका. वरचा पापुद्रा बोटभर असतो आणि त्याखाली काळा, चिकट गाळ. शिवाय हा सीमेचा प्रदेश आहे. रात्री रणात मुक्काम करता येत नाही आणि तसा हट्टही धरू नये.

काळो डुंगर हा कच्छमधला सर्वांत उंच डोंगर, ४६० मीटरांच्या आसपास. चढताना गाडीने तक्रार केली नाही, उतरताना मात्र भोसरीच्या मित्राने पूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला, कारण भरलेली टाकी, भांडी आणि चार माणसे घेऊन ब्रेकवर उतरणे त्याला मंजूर नव्हते. वर दत्ताचे मंदिर आहे. नरसोबाची वाडी आणि गाणगापूर ऐकत वाढलेल्या माणसाला रणाच्या काठावर, पलीकडे क्षितिजापर्यंत मिठाचे मैदान पसरलेले असताना दत्तात्रेय भेटतात, तेव्हा गळा दाटून येतो. येथे रोज देवाचा प्रसाद कोल्ह्यांना घालण्याची प्रथा आहे. भुकेल्या कोल्ह्यांना द्यायला काही उरले नाही तेव्हा दत्तात्रेयांनी "ले अंग" म्हणून स्वतःचे अंग पुढे केले, अशी कथा सांगतात. पुजाऱ्यांनी ओट्यावर भात ओतून हाक दिली आणि पाचेक मिनिटांनी झुडपांतून दोन कोल्हे आले, खाऊन गेले. आमच्यापैकी कुणी बोलले नाही. आम्हालाही तेथेच प्रसादाचे जेवण मिळाले आणि त्या दिवशी आमची भांडी घासायची राहिली.

खावड्याहून धोळावीरेला जाणारा रस्ता रणाच्या पोटातून जातो. सुमारे तीस किलोमीटर दोन्ही बाजूंना एक झाड नाही. आमच्या डावीकडे पांढरे मीठ होते आणि उजवीकडे अजून न आटलेले पाणी, इतके उथळ आणि निश्चल की त्यात ढग स्थिर दिसत होते. पूर्वी भुजहून धोळावीरेला रापरवरून मोठा वळसा पडत असे. आता सकाळी निघून दुपारच्या आत धोळावीरा ज्यावर आहे त्या खदीर बेटावर पोचता येते.

हडप्पा संस्कृतीतले शहर असलेले धोळावीरा मला फार जवळून पाहता आले, आणि ते मैत्रिणीमुळे. १९६७-६८ मध्ये जगतपती जोशी यांनी हे स्थळ उजेडात आणले, १९९० पासून रवींद्रसिंह बिष्ट यांच्या देखरेखीखाली मोठे उत्खनन झाले, आणि २०२१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. बहुतेक लोक उत्तर दरवाजाजवळ सापडलेल्या दहा चिन्हांच्या फलकाची गोष्ट ऐकतात, बालेकिल्ला चढतात आणि निघतात. मैत्रीण मात्र सरळ पूर्वेकडच्या मोठ्या जलाशयाच्या काठावर जाऊन उभी राहिली. सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल. खडक फोडून आणि दगड बांधून केलेला, उतरायला पायऱ्या असलेला. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे, तेही फक्त पावसाळी. त्यांना ठिकठिकाणी बांध घालून पाणी वळवायचे, जमिनीच्या नैसर्गिक उताराने ते एका जलाशयातून दुसऱ्यात आपोआप जाऊ द्यायचे, वाटेत गाळ खाली बसवायचा, आणि बालेकिल्ल्यावर पडलेले पावसाचे पाणीसुद्धा दगडी नाल्यांतून गोळा करायचे. चारी बाजूंना मिठाचे रण असलेल्या बेटावर हजार वर्षांहून अधिक काळ एक शहर या व्यवस्थेवर जगले.

मैत्रिणीने खिशातून पेन काढले, तळहातावर आकडे मांडले आणि गुणाकार केला. लांबी, रुंदी, खोली. हातावर सुमारे २१,००० घनमीटर आले, म्हणजे दोन कोटी लिटरांहून जास्त, आणि तेही एकाच जलाशयात. मग तिने आमच्या टाकीने भागायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिले. सूर्य कलेपर्यंत ती एकेका नाल्याच्या तोंडाशी वाकून पाहत होती. एके ठिकाणी नाल्याच्या छतात हवा जायला सोडलेली मोकळी जागा पाहून तिने मला ओढत नेले. "हे नसतं तर पाणी जोरात आल्यावर हवा कोंडते," ती म्हणाली. "आम्ही एअर व्हॉल्व्ह बसवतो. यांनी दगडात ठेवलंय." तिचा आवाज मी इतक्या वर्षांत असा ऐकला नव्हता.

परतताना भुजमध्ये हमीरसर तलावाच्या काठी एक रात्र राहिलो. पावसाळ्यात हमीरसर भरून ओसंडला की भुजमध्ये त्या दिवशी सुट्टी जाहीर होते, पूजा होते आणि मेघलाडूंचे जेवण असते. तलाव भरला म्हणून शहराला सुट्टी! ही रीत कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणील.

लखपतला जाताना माता नो मढला आशापुरेचे दर्शन घेतले. पुढचा रस्ता काही ठिकाणी उखडलेला होता आणि त्याने आमचा घात केला. लखपत म्हणजे सात किलोमीटर लांबीच्या तटबंदीचे, आत जवळजवळ रिकामे असलेले गाव. १८०१ मध्ये जमादार फतेह मुहंमदाने हा तट वाढवून बांधला तेव्हा सिंधूची एक शाखा येथून वाहत होती, बंदर भरभराटीला आले होते. आसपास एके काळी भातही पिकत असे. सिंधच्या बाजूने बांध घातल्यामुळे ते पाणी आधीच रोडावले होते, आणि १८१९ च्या जूनमध्ये झालेल्या भूकंपाने उत्तरेला जमिनीचा एक लांबच लांब उंचवटा वर आला. लोकांनी त्याला अल्लाह बंद म्हटले, म्हणजे देवाने घातलेला बांध. नदी तुटली आणि बंदर संपले. आम्ही संध्याकाळी तटावर उभे होतो. खाली, जेथे जहाजे लागत असत, तेथे करड्या चिखलाचा सपाट पसारा होता आणि वारा अखंड वाहत होता. सर बराच वेळ गप्प होते. वर्गात त्यांनी नद्यांचे प्रवाह बदलतात हे कितीतरी वर्षे शिकवले होते.

गुरु नानक मक्केच्या वाटेवर येथे थांबले होते असे मानतात, आणि त्या जागी जुना गुरुद्वारा आहे. गाडी आम्ही त्याच्याजवळ लावली. रात्री झोपण्याआधी पाण्याच्या पंपाचे बटण बंद करणे हे माझे काम होते, आणि त्या रात्री मी ते विसरले. उखडलेल्या रस्त्याने बेसिनखालच्या नळीचा जोड सैल झाला होता. पंप रात्रभर थांबून थांबून पाणी ढकलत राहिला आणि ते कपाटाच्या तळातून खाली जमिनीत जात राहिले. पहाटे पट्टीवर एकही दिवा नव्हता. खाली उतरून पाहिले तर चाकाजवळ ताटाएवढा ओला डाग होता. बाकी सारे लखपतच्या मातीने पिऊन टाकले होते. मी तेथेच बसले. कुणी मला एक शब्द बोलले नाही. भोसरीच्या मित्राने पाना काढला आणि आडवा होऊन जोड आवळला.

गुरुद्वाऱ्याच्या अंगणात एक वयस्कर गृहस्थ झाडलोट करत होते. त्यांनी सगळा प्रकार पाहिला आणि आवारातल्या टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "मीठुं पाणी छे, भरी लो." मित्र बादली घेऊन निघाला होता तो थबकला. खारे पाणी गाडीच्या टाकीत घातले तर पंप खराब होईल, असे तो मराठीत पुटपुटला. त्या गृहस्थांना शब्द कळले नसतील, पण चेहरा कळला. त्यांनी नळाखाली ओंजळ धरली, आधी स्वतः प्यायले, आणि मग दुसरी भरलेली ओंजळ मित्रापुढे केली. त्याने त्यांच्या ओंजळीतूनच पाणी घेतले. गोड होते. गुजरातीत मीठुं म्हणजे गोड, आणि ताटात वाढतो त्या मिठालाही मीठुंच म्हणतात, हे सरांनी नंतर समजावले. आमची टाकी त्यांनी अर्धी राहू दिली नाही. "चार जण, पुढे खारा मुलूख," म्हणत काठोकाठ भरवली. पैसे घेतले नाहीत. लंगरमध्ये आम्ही सेवा म्हणून भांडी घासली.

नारायण सरोवर आणि कोटेश्वर तेथून फार दूर नाहीत. कोटेश्वराच्या मंदिराच्या पायऱ्या खाडीत उतरतात आणि त्यापलीकडे देश संपतो. पिंगलेश्वरच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकाडांमागे, टणक जमिनीवर गाडी लावून आम्ही समुद्रात डुंबलो आणि अंगावरचे मीठ काढायला प्रत्येकाला एक तांब्या मिळाला. आठवडाभराच्या सवयीने तो पुरेसा वाटला.

मांडवीला पोचल्यावर आधी दाबेली खाल्ली. पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर 'कच्छी दाबेली' लिहिलेल्या गाड्या पाहत मोठे झालो, तिचे जन्मगाव हेच. नंतर श्यामजी कृष्ण वर्मांच्या स्मारकात गेलो. टिळकांच्या शिफारशीवरून सावरकरांना लंडनला जाण्यासाठी शिष्यवृत्ती देणारा हा माणूस मांडवीचा. १९३० मध्ये जिनिव्हात वारलेल्या या देशभक्ताच्या अस्थी २००३ मध्ये मायदेशी आल्या. तेथे आम्ही दुपार घालवली.

रुक्मावती नदीच्या काठावर मात्र आम्ही दोन सकाळी गेलो. तेथे सुमारे चारशे वर्षांपासून लाकडी गलबते बांधली जातात. तीन मजली घराएवढा एक सांगाडा टेकू देऊन उभा होता. एक कारागीर फळ्यांच्या फटीत कापसाचा पीळ बोथट पटाशीने ठोकून बसवत होता. दोन बोटांनी पीळ पुढे सरकवायचा, दोन ठोके, पुन्हा पुढे. पाणी आत येऊ नये म्हणून वीतभर जागेवर त्याने पाच-सहा मिनिटे घालवली. मैत्रिणीने त्याला हिंदीत विचारले की समुद्रावर असताना पिण्याचे पाणी कुठे ठेवतात. तो हसला, पटाशी खाली ठेवून शिडीने वर गेला आणि आम्हालाही वर बोलावले. आत, जेथे अजून तक्तपोशीही झाली नव्हती, तेथे त्याने पायाने एक चौकोन आखून दाखवला. टाकी येथे बसणार होती. "किती माणसं असतात?" तिने विचारले. पंधरा, तो म्हणाला. "आणि किती दिवस?" त्याने खांदे उडवले आणि समुद्राकडे पाहिले. मैत्रिणीने पुन्हा पेन काढले आणि तळहात उघडला.